चार वाजता जेवणारा किडा

लाकडातलं आपल्याइतकं अख्ख्या जळगाव जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असं जीवराम नानांचं स्वतःबद्दल नम्र मत आहे. नम्र अशासाठी, की पूर्वी ते अख्खा महाराष्ट्र म्हणायचे!

"एकतीस वर्षं काढली सातपुड्याच्या पायथ्याला, लाकूड डेपोत!" भेटेल त्याला ते सांगतात. "डोळे बांधा आणि फळी द्या हातात. झाड कोणत्या नाल्याकाठचं ते सांगतो की नाही बघा!"

आता, डेपोत नाना लाकडं पारखायला नव्हते, बाहेर जाणाऱ्या लाकडांचे पास लिहायला होते, ही गोष्ट त्यांच्या बायकोला, म्हणजे उषाकाकूंना, पक्की ठाऊक. पण कुठं बोलायचं आणि कुठं निमूट गहू निवडत बसायचं, हे काकूंना बरोबर कळतं. उगाच नाही संसार चव्वेचाळीस वर्षं टिकला!

नानांचं दुसरं शास्त्र वैद्यकाचं. गेल्या हिवाळ्यात काकूंची साखर वाढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नाना म्हणाले, "गोळ्या चालू दे, पण खरा उपाय माझ्याकडे आहे." मग वाळलेल्या जांभळाच्या बिया, मेथी आणि कारलं मिक्सरमधून काढून, वस्त्रगाळ करून, नानांनी बरणीभर पूड केली. इतकी कडू, की नुसत्या वासानं मांजर उठून जाई. रोज दुपारी ठोक चार वाजता काकू व्हरांड्यातल्या झोक्यावर बसल्या, की नाना त्यांच्या तळहातावर मोठा चमचाभर पूड ठेवत आणि पाणी आणायला आत जात. पाणी घेऊन येईपर्यंत तळहात रिकामा!

"बघ, पाण्याचीसुद्धा वाट बघत नाहीस आता. चटक लागली तुला!" नाना खूश. काकू पाणी पिऊन "हं" म्हणत.

तर हा झोका. सगळं रामायण ह्या झोक्याचं आहे.

नानांची थोरली बहीण, अक्का, धुळ्याला दिलेली. वय वर्षं सत्त्याहत्तर. जामनेरजवळच्या गावात नानांच्या वडिलांचं घर होतं आणि दारात निंब. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली, की वडील माळ्यावरून सागवानी पाट काढत, निंबाला कासरा बांधत आणि गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी त्या झोक्यावर. अक्काचं लग्न झालं तेव्हा नाना दहा वर्षांचे. त्यानंतर दर आखाजीला ते सकाळपासून एसटीच्या फाट्यावर जाऊन उभे राहत. लाल गाडी धूळ उडवत थांबायची, अक्का पिशवी घेऊन उतरायची, आणि घरी गेल्यावर हातपाय धुवायच्या आधी झोक्यावर बसून ओरडायची, "झोका दे रे भाऊ!" नाना जीव खाऊन झोका देत. आमरस, खापरावरचे मांडे, बायकांची गाणी, हे सगळं खरं. पण नानांना आखाजी म्हटलं की अजून ती हाकच आठवते.

अकरा वर्षांपूर्वी नाना निवृत्त झाले आणि गावचं घर विकून जळगावला आले. अक्का फोनवर आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "घर ईकी टाकं ना रे भाऊ? मंग आते मन्हं माहेर कोठे?" आणि यायची बंद झाली. भांडण नाही, तंटा नाही. नुसती येईना. नाना दर आखाजीला फोन करत. अक्का म्हणे, "गुडघा दुखस."

गुडघा नव्हता दुखत, हे नानांनाही कळत होतं.

गेल्या दिवाळीत नानांनी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेला तो पाट काढला, व्हरांड्यात साखळ्यांनी टांगला आणि त्याचा फोटो अक्काच्या नातीच्या, ज्योतीच्या, मोबाइलवर पाठवला. तासाभरात फोन आला.

"पाट तोच शे ना रे भाऊ?"

"तोच, अक्का! तुझी शपथ!"

"मंग मी येसू. आखाजीले."

नानांनी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले.

आखाजी पाच दिवसांवर आली आणि घात झाला! सकाळी झाडताना काकू झोक्याखाली वाकल्या, तेवढ्यात नानांची नजर गेली. पाटाच्या बरोबर खाली, फरशीवर, बारीक तपकिरी पूड!

"थांब! झाडू नकोस!"

"अहो, धूळ आहे. पुसून टाकते."

"खबरदार! हा पुरावा आहे!"

नाना गुडघ्यावर बसले. पूड चिमटीत घेतली, चोळली, हुंगली. आणि काकू "अहो, अहो" म्हणेपर्यंत जिभेवर ठेवली.

"कडू!" नाना विजयानं ओरडले. "जुन्या सागाचा कडवटपणा! ऐक. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. कोरड्या लाकडातली वाळवी असती तर खसखशीसारखे दाणे पडले असते. आणि हे बघ, मैद्यासारखं मऊ. म्हणजे भुंगा! लाकूड आतून पोखरतो आणि पीठ बाहेर टाकतो. वरून काही कळत नाही. माणूस बसला की पाट मोडतो. काडकन!"

"काडकन" म्हणताना नानांच्या डोळ्यांपुढे बसलेला माणूस अक्का होती. त्यांच्या कपाळाला घाम फुटला. काकूंच्याही फुटला, पण त्याचं कारण वेगळं होतं.

नानांनी पाट काढून उलटा केला आणि मटकन खालीच बसले. खालच्या बाजूला, कडेनं, भोकं! गोल, बारीक, एका रांगेत. कडा काळ्या पडलेल्या. नानांनी मोजली. एकेचाळीस!

"संपलं," नाना म्हणाले. "वसाहत केलीय त्यानं!"

मगन मिस्तरीला तातडीनं बोलावणं गेलं. मगन म्हणजे कॉलनीतला जुना सुतार. त्यानं पाट उचलून पाहिला, बोटानं टकटक केली, नख रोवून पाहिलं.

"नाना, हा सागाचा गाभा हाये. याले भुंगा नाही लागत."

"मला सांगतोस? एकतीस वर्षं—"

"आन् किडा कधी पट्टी लावून भोकं पाडतो का?"

"शिस्तीचा किडा असतो एखादा!"

"बरं, मंग हे मधीमधी जागा सुटेल हाये, ते?"

नानांनी वाकून पाहिलं. खरंच, रांगेत सात ठिकाणी एकेका भोकाची जागा कोरी होती. मान डोलावून म्हणाले, "तिथं त्यानं दम खाल्ला."

मगननं काकूंकडे पाहिलं. काकूंनी गव्हाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी निरीक्षण सुरू केलं. पाट पुन्हा टांगून खाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी शून्य. दुपारी बाराला शून्य. तीनला शून्य. सव्वाचारला जाऊन बघतात तर चमचाभर पूड!

"उषे! किडा चार वाजता जेवतो!"

"अहो, ऐका ना माझं..."

"वेळेचा पक्का आहे! डेपोतसुद्धा असा माणूस नव्हता!" नानांनी पूड काचेच्या बाटलीत भरली, चिठ्ठी चिकटवली: 'नमुना एक, झोका'.

काकू त्या क्षणी सांगणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण नाना बाटली उन्हाकडे धरून इतक्या आनंदानं बघत होते, आणि त्या बियांसाठी ह्या माणसानं ऐन थंडीत बाजार पालथा घातला होता, हेही खरं. काकूंचं तोंड मिटलं. मात्र त्यांनी ठरवलं, उद्यापासून झोक्यावर बसायचंच नाही. प्रश्नच मिटला!

मिटतोय कुठला! तिसऱ्या दिवशी काकू चार वाजता जेवणाच्या टेबलाशी बसल्या. सव्वाचारला टेबलाखाली पूड.

"पसरला!" नानांचा आवाज चिरकला. नमुना दोन. त्यांनी टेबल ठोकलं, कपाट ठोकलं, देव्हाऱ्याला कान लावला. "आत हालचाल आहे," ते कुजबुजले. देव्हाऱ्यात गेली तीस वर्षं काही हालचाल झालेली नव्हती, पण आता नानांना सगळीकडे कुरकुर ऐकू येत होती.

त्याच संध्याकाळी पाटावर शस्त्रक्रिया झाली. जनावरांच्या डॉक्टराकडून आणलेल्या जाड सुईनं एकेचाळीस भोकांत औषध भरलं. वरून लाखेनं भोकं बुजवली. मगनला उभं करून खालच्या बाजूनं रंधा मारायला लावला. मगन म्हणाला, "नाना, जुनी वस्तू हाये. ऱ्हाऊ द्या ना." नाना म्हणाले, "अक्का बसणार आहे त्याच्यावर. मला धोका नको." मगननं रंधा मारला, पॉलिश केलं. पाट असा गुळगुळीत झाला, की त्यावरून माशी घसरावी.

चौथ्या दिवशी काकूंनी हाय खाल्ली. घरात बसायची सोयच राहिली नाही, म्हणून "लताबाईंकडे शेवया करायला जाते" असं सांगून त्या शेजारी निघाल्या. पण नाना वेळेचे पक्के! चारला पूड घेऊन लताबाईंच्या ओट्यावर हजर. तळहातावर ठेवली, पाणी लताबाईंकडे मागितलं. सव्वाचारला लताबाईंच्या सागवानी खाटेखाली काय दिसलं, हे सांगायला नकोच. नमुना तीन!

"लताबाई, तुमच्याकडे पण आला!"

"कोण?"

"किडा!"

लताबाई किंचाळल्या. ही खाट त्यांच्या माहेरची. किंकाळी ऐकून समोरचे गिरधर मास्तर धावत आले आणि लगेच स्वतःच्या घरी धावत गेले, कारण त्यांच्याकडे चारच महिन्यांपूर्वी नवा सोफासेट आला होता. तासाभरात कॉलनीभर झालं! नाना बॅटरी घेऊन घरोघर. कुणाच्या चौरंगाला भोक दिसलं की "जुनं आहे", नाही दिसलं की "आत आहे".

"उपाय काय, नाना?"

"ऊन! त्रेचाळीस डिग्री! सगळं लाकूड बाहेर काढा!"

आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, कॉलनीच्या रस्त्यावर खाटा, कपाटं, टेबलं, चौरंग, पोळपाट-लाटणी, सगळं उन्हात मांडलेलं. नानांचं घर तर सगळ्यात रिकामं. देव एका ताटात काढून ठेवलेले आणि देव्हारा रस्त्यावर. घरात एकच लाकडी वस्तू राहिली होती, ती म्हणजे झोका.

आणि नेमक्या त्याच वेळी रिक्षा येऊन थांबली. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात काठी. अक्का!

अक्कानं रस्ता पाहिला. नानांच्या दाराशी वडिलांच्या वेळचं कपाट पाहिलं, ते ओळखलं. मग उघड्या दारातून रिकामं घर पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"हाई बी घर ईकं का रे?"

"नाही, अक्का! नाही नाही! किडा लागलाय, म्हणून..."

"माले काय येडी समजस?" अक्का वळली. "रिक्षावाला, थांब रे!"

सत्त्याहत्तर वर्षांची बाई, अकरा वर्षांनी आलेली, आणि पाय रिक्षाच्या पायरीवर! नाना अनवाणी, तापलेल्या डांबरावरून धावले आणि रिक्षाच्या पुढे आडवे उभे राहिले. अडुसष्ट-एकोणसत्तरीचा माणूस, पण आवाज फाट्यावरच्या पोराचा निघाला.

"अक्का, पाट आहे! आपला पाट आहे गं आत! बघ तर!"

अक्का थांबली. काठी टेकत आत आली. रिकाम्या घरातून थेट व्हरांड्यात. झोका बघून तिच्या तोंडावर हसू फुटलं. पाणी नाही, चहा नाही, आधी बसली. चपला काढल्या, पाय उचलले.

"झोका दे रे भाऊ."

नानांना रडू फुटलं म्हणजे काय, फुटलंच! त्यांनी झोका दिला. हळूच. अक्कानं डोळे मिटले. उजवा हात पाटाच्या कडेवरून खाली गेला, जसा कुणी अंधारात ओळखीची कडी चाचपावी. बोटं खालून फिरली. पुढे गेली. मागे आली. पुन्हा पुढे.

अक्कानं पाय खाली टेकले. झोका थांबला.

"मन्हा भोकं कोठे गयात?"

नानांचा झोक्यावरचा हात तसाच राहिला.

"तुझी... भोकं?"

"दर आखाजीले एक. जावाना दिन. दाभण चुल्हामा तपाडीसन." अक्का पाटाखालून हात काढेना. "कितला वर्सं माहेर उनू, ते मोजाले. सासरले गयू का, हाई एकच मन्हं व्हतं. तुले बी नही सांगं."

काळ्या कडा! तापलेली दाभण! दर माहेरपणाला एक भोक! नाना हळूच झोक्यासमोर फरशीवर बसले.

"अक्का," ते म्हणाले, "मध्ये सात जागा कोऱ्या होत्या."

"मोजी ठेयात तू?" अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. "पहिली कोरी बहात्तरना दुष्काळनी. उन्हाळामा घरमा दाणा नव्हता. नही उनू. मंग सासू गई त्या साल. मंग..."

पुढचं नानांनी ऐकलंच नाही. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात ते शेवटची गाडी जाईपर्यंत फाट्यावर उभे होते. वडील हात धरून घरी घेऊन आले होते आणि त्या वर्षी निंबाला झोका बांधलाच नव्हता. त्या जागेला नाना म्हणाले होते, किड्यानं दम खाल्ला!

"मीच बुजवली गं," नाना म्हणाले. "रंधा मारला. मला वाटलं भुंगा. तुला काही होऊ नये म्हणून..." आणि आपल्या म्हणण्याला आधार म्हणून त्यांनी खिडकीतल्या तिन्ही बाटल्या पुढे केल्या. "हे बघ पीठ. खोटं नाही बोलत!"

अक्कानं नमुना एकचं बूच उघडलं, हुंगलं आणि बोटाला लावून चाखलं.

"अरे, हाई मेथी शे!"

"मेथी?"

"मेथी. आन् जांभूयनी बी. मन्ही सून बी देस माले. मी कुंडीमा टाकी देस!"

नानांनी सावकाश मान वळवली. दारात उषाकाकू उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. आधी वाटलं रडताहेत. मग खांदे हलायला लागले. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, काकूंनी अक्काकडे, आणि दोघी जणी अशा हसत सुटल्या, की रस्त्यावरचे लोक कपाटं सोडून फाटकाशी जमले.

"वस्त्रगाळ होती," नाना पुटपुटले. "म्हणून ओळखू आली नाही."

एकतीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला स्वतःच्या हातची पूड ओळखता आली नव्हती! लोकांनी आपापला संसार उचलून घरात नेला. लताबाई तर खाटेला कुरवाळत गेल्या. मगन मिस्तरी जाताना पाटावर एक टिचकी मारून गेला.

आखाजी मात्र दणक्यात झाली. घागर भरली, मांडे झाले, आमरस झाला. अक्का गल्लीतल्या बायकांना जुनी गाणी म्हणून दाखवायची आणि नाना झोका द्यायचे. पण कुणी नसलं की नाना बॅटरी घेऊन पाटाखाली उताणे पडत आणि बुजवलेली भोकं शोधत. एकही सापडेना. हे काम तेवढं त्यांनी खरोखर उत्तम केलं होतं.

निघायच्या दिवशी अक्का म्हणाली, "उषा, दाभण आन."

काकूंनी गॅसवर दाभण लाल केली. नानांनी खालून अक्काचा हात धरला. चर्रकन आवाज झाला, धुराचा वास आला. भोक जरा तिरपं पडलं. पण पडलं.

"एक," अक्का म्हणाली. "पुढला साल दुसरं."

"आणि पहिली एकेचाळीस?"

"त्या ऱ्हाऊ दे. तुले ठाऊक शेत, माले ठाऊक शेत."

खाली फरशीवर चिमूटभर जळका भुसा पडला होता. काकू केरसुणी घेऊन आल्या.

"खबरदार!" नाना म्हणाले. मग एकदम ओशाळून, "म्हणजे... राहू दे आजच्या दिवस."

आठवड्यानं लताबाईंनी कुंपणावरून विचारलंच, "नाना, शेवटी किडा कोणता निघाला?"

नानांनी घसा खाकरला. "धुळ्याचा. वर्षातून एकदाच येतो. एसटीनं."

"आणि तो चार वाजताचा?" झोक्यावर गहू निवडत बसलेल्या उषाकाकूंनी मान वर न करता विचारलं.

नानांनी घड्याळ पाहिलं. चारला पाच कमी होते. ते आत गेले आणि पूड न आणता, दोघांचा बिनसाखरेचा चहा घेऊन आले.